विल्यम लॉ यांचा 'सिरियस कॉल' : धम्मदृष्टीतून एक परीक्षण

इंग्रजीतील ख्रिस्ती आचारधर्मविषयक वाङ्मयात विल्यम लॉ (१६८६-१७६१) यांच्या 'अ सिरियस कॉल टू अ डिव्हाउट अँड होली लाइफ' या ग्रंथाला फार वरचे स्थान आहे. 'समर्पित व पवित्र जीवनासाठी कळकळीचे आवाहन' असा या नावाचा अर्थ करता येईल. पहिल्या आवृत्तीवर १७२९ हे साल आहे; म्हणजे हे पुस्तक जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीचे आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी ऑक्सफर्डला विद्यार्थी असताना ते कंटाळवाणे असेल, कदाचित हसण्याजोगेही असेल, अशा समजुतीने हाती घेतले. परंतु पुस्तक आपल्याला पुरून उरले असे त्यांनी पुढे सांगून ठेवले आहे. मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या घडणीतही या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. असा ग्रंथ बौद्ध अभ्यासकाने का वाचावा, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात मिळते.

प्रार्थना म्हणजे धार्मिकता नव्हे, असे लॉ यांचे पहिलेच विधान आहे. प्रार्थना घरी केलेली असो वा चर्चमध्ये, ती धार्मिक जीवनाचा एक लहानसा अंश आहे. खरी धार्मिकता म्हणजे माणसाचे खाणेपिणे, कमावणे, खर्च करणे, बोलणे, विश्रांती घेणे हे सर्वच एका ध्येयाला वाहिलेले असणे. यासाठी ते एक मोठा मार्मिक पुरावा देतात. सार्वजनिक उपासनेविषयीची आज्ञा शुभवर्तमानात शोधून सापडत नाही. उलट नित्याच्या वर्तनाविषयीच्या आज्ञा पानोपानी आहेत. तरीही ख्रिस्ती लोक चर्चला नियमाने जाणाऱ्यास धार्मिक म्हणतात आणि त्याच्या दुकानातील, घरातील, पंगतीतील वर्तनाकडे पाहतच नाहीत.

येथे 'चर्च'च्या जागी 'विहार' आणि 'प्रार्थने'च्या जागी 'वंदना' हे शब्द घालून पाहावेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये चोरी न करण्याची, खोटे न बोलण्याची, दारू न पिण्याची, समतेसाठी झटण्याची, प्रज्ञा, शील आणि करुणा यांवर जीवन उभारण्याची प्रतिज्ञा आहे. वंदना म्हणण्याची एकही प्रतिज्ञा नाही. लॉ यांनी शुभवर्तमानावरून जो युक्तिवाद केला तो आमच्याकडे त्याहून अधिक बळाने लागू पडतो. पौर्णिमेला शुभ्र वस्त्रे परिधान करून विहारात येणारा आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात लाच घेणारा उपासक आपल्या परिचयाचा आहे. त्याचे वर्णन इंग्लंडमधील एका धर्मोपदेशकाने आधीच करून ठेवलेले आहे. प्रस्तुत ग्रंथाकडे वळण्याचे पहिले कारण हे.

ग्रंथकाराचे चरित्रही जाणून घेण्यासारखे आहे. नॉर्थम्प्टनशायरमधील किंग्ज क्लिफ या गावी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात ते शिकले व १७११ मध्ये तेथील फेलो झाले. १७१४ मध्ये राणी ॲन यांचा मृत्यू होऊन जर्मनीतील हॅनोव्हर घराण्यातील पहिले जॉर्ज गादीवर आले. नव्या राजाशी निष्ठेची आणि पदच्युत स्टुअर्ट घराण्याचा हक्क नाकारण्याची शपथ घेण्यास लॉ यांनी नकार दिला. जे मनाला पटत नाही त्याची शपथ घेणार नाही, ही त्यांची भूमिका होती. फेलोशिप गेली आणि चर्चमधील उत्कर्षाचे सर्व मार्ग बंद झाले. पुढे अनेक वर्षे ते पटनी येथे गिबन कुटुंबात शिक्षक म्हणून राहिले. रोमन साम्राज्याचा इतिहास लिहिणारे एडवर्ड गिबन हे त्यांच्या शिष्याचे पुत्र. या इतिहासकाराला धर्मोपदेशकांविषयी फारसे प्रेम नव्हते; तरीही लॉ जे बोलत ते सर्व मानत आणि जे सांगत ते सर्व आचरत, अशी साक्ष त्यांनी आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. १७४० च्या सुमारास लॉ जन्मगावी परतले. श्रीमती हचेसन या विधवा आणि इतिहासकाराच्या आत्या हेस्टर गिबन या दोघी त्यांच्यासमवेत राहू लागल्या. तिघांच्या एकत्र उत्पन्नाचा फार मोठा भाग दानात जात असे. मुलींची शाळा त्यांनी त्यापूर्वीच, १७२७ मध्ये, काढली होती. दारी येणाऱ्या कोणालाही विन्मुख पाठवावयाचे नाही असा या घराचा नियम होता. त्यामुळे गावात भटक्या भिकाऱ्यांची गर्दी होऊ लागली, अशी तक्रार खुद्द गावकऱ्यांनीच केली.

शपथेच्या प्रसंगातील धैर्य निर्विवाद आहे. पण ते धैर्य ज्या तत्त्वासाठी खर्ची पडले ते तत्त्व, राज्याचा हक्क जन्माने व वंशाने येतो, हे होते. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात लोकांनी एकत्र येऊन, निवडून, 'महासम्मत' केलेला राजा आपण वाचलेला असतो. ते सुत्त वाचलेल्या माणसाला सदसद्विवेकाचा असा उपयोग होताना पाहून हळहळ वाटते. ही नोंद येथेच करून ठेवतो, कारण जन्म आणि ईश्वरी इच्छा यांची हीच सांगड पुढे ग्रंथातही आडवी येणार आहे.

ग्रंथाच्या नावातील 'होली' या शब्दासाठी मराठीत 'पवित्र' हाच शब्द चटकन सुचतो. परंतु आपल्या समाजात 'पवित्र' हा शब्द निष्पाप राहिलेला नाही. सोवळे, विटाळ, स्पर्श, पाणवठा, गाभारा यांच्या सावलीत तो वाढला आहे. लॉ यांच्या 'होली'मध्ये या अर्थाचा लवलेशही नाही. समर्पित व निर्मळ आचरण एवढाच त्यांचा आशय आहे. पालीतील 'विसुद्धि' हा शब्द त्याला अधिक जवळचा आहे. मज्झिमनिकायातील रथविनीतसुत्तात सात विशुद्धींची परंपरा सांगितली आहे आणि तिचा प्रारंभ शीलविशुद्धीने होतो. वत्थूपमसुत्तात बाहुका नदीच्या स्नानाची महती सांगणाऱ्या सुंदरिक भारद्वाज ब्राह्मणाला भगवंतांनी सदाचरण हेच स्नान असल्याचे सांगितले. या अर्थानेच लॉ यांचा ग्रंथ वाचावा. 'डिव्हाउट' या शब्दाचे भाषांतर 'भक्तिमय' असेही करू नये. भक्तीत आपल्याकडे भावनेचा उमाळा गृहीत धरला जातो, आणि लॉ यांना या ग्रंथात उमाळ्यापेक्षा शिस्त हवी आहे.

ग्रंथाची चोवीस प्रकरणे आहेत. त्यांतील सर्वांत वाचनीय भाग म्हणजे लॉ यांनी रेखाटलेली माणसे. ही काल्पनिक माणसे आहेत, त्यांची नावे लॅटिन-ग्रीक वळणाची आहेत आणि प्रत्येक जण एकेका वृत्तीचा नमुना आहे. कॅलिडस हा व्यापारी तीस वर्षांहून अधिक काळ उद्योगात इतका गढलेला आहे की जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणण्यास त्याला सवड नाही. मात्र वादळ उठले की तो चटकन दोन शब्द प्रार्थनेचे पुटपुटतो, कारण त्याचा काही ना काही माल नेहमी समुद्रावर असतो! फ्लेव्हिया आणि मिरांडा या दोघी बहिणी. प्रत्येकीला वर्षाला दोनशे पौंडांचे उत्पन्न. फ्लेव्हिया सभ्य आहे, चर्चलाही जाते, तिला दुष्ट म्हणता येणार नाही. पण लॉ तिच्या आयुष्याचा जमाखर्च मांडून दाखवतात. आणखी दहा वर्षे जगली तर स्वतःच्या उत्पन्नाची मालकीण म्हणून तिची तीस वर्षे पूर्ण होतील. त्यांत तिने सुमारे १५६० रविवार त्याच तऱ्हेने घालविलेले असतील, सुमारे दोनशे पोशाख वापरलेले असतील, तीसपैकी पंधरा वर्षे अंथरुणात गेलेली असतील आणि उरलेल्यांतील बहुतेक खाण्यात, नटण्यात, भेटीगाठींत व नाटके पाहण्यात. गरिबांना देण्याचे मनात आले तर गरीब लोक लबाड असतात हे तिला वेळेवर आठवते. उपदेश न करता केवळ हिशेब मांडून माणसाला अंतर्मुख करण्याची ही हातोटी थोर आहे. इतिहासकार गिबन यांनी या व्यक्तिचित्रांची बरोबरी फ्रेंच लेखक ला ब्रुयेर यांच्या लेखणीशी केली ती उगीच नव्हे.

या माणसांचे चुकते कोठे? दुसऱ्या प्रकरणात लॉ यांनी दिलेले उत्तर हा ग्रंथाचा तात्त्विक कणा आहे. माणसे दुर्बल आहेत म्हणून चुकतात, हे त्यांना मान्य नाही. लोक उठताबसता शपथा व शिव्या का घालतात? ते वाईट आहे हे ठाऊक नसते म्हणून नव्हे, किंवा टाळणे शक्तीबाहेरचे असते म्हणूनही नव्हे. आपले प्रत्येक कृत्य चांगले असावे असा हेतूच त्यांनी कधी मनाशी धरलेला नसतो. व्यापाऱ्याने, गृहस्थाने, धर्मगुरूने हा एक हेतू मनोमन धरला तर बाकीचे आपोआप बदलेल, असा त्यांचा विश्वास आहे.

'चेतना म्हणजेच कर्म' हा अंगुत्तरनिकायातील सिद्धान्त ज्यांना परिचित आहे त्यांना हे विवेचन आपल्या घरचे वाटेल. तथापि येथे अभ्यासकाने थोडे सावध राहिले पाहिजे. अभिधम्मात चेतना ही प्रत्येक चित्ताबरोबर उत्पन्न होणारी वृत्ती आहे. ती कुशल असेल वा अकुशल, पण ती नाही असे चित्तच नाही. लॉ यांचा 'हेतू' हा आयुष्यभरासाठी केलेला निश्चय आहे. तो चेतनेपेक्षा 'अधिट्ठान' किंवा 'सम्मासङ्कप्प' यांना जवळचा आहे. दोन परंपरांतील शब्द एकमेकांवर बेतशीर बसले असे वाटते तेव्हाच ते जरा हलवून पाहावेत.

हेतूचे महत्त्व मान्य केले तरी हेतू कशासाठी, हा प्रश्न राहतोच. लॉ यांचे उत्तर एकच : ईश्वराला संतुष्ट करण्यासाठी. दिवसाच्या ठरावीक वेळा नेमून त्यांनी प्रत्येक वेळेला एकेक चिंतन जोडून दिले आहे. सकाळी नऊला विनम्रता, बाराला सर्वांविषयी प्रेम, तिसऱ्या प्रहरी ईश्वरेच्छेचा स्वीकार, सायंकाळी सहाला दिवसभरातील कृत्यांची झडती. सकाळच्या चिंतनाबरोबर स्तोत्र मोठ्याने गायलेच पाहिजे असा आग्रह धरून त्यावर त्यांनी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. ते वाचकाने खुशाल ओलांडावे. सायंकाळच्या झडतीचे प्रकरण मात्र ओलांडू नये. सामान्यतः 'मी पापी आहे' असे म्हणून भागत नाही, आज कोणते कृत्य केले ते नावानिशी समोर ठेवले पाहिजे, हा त्यांचा आग्रह अत्यंत योग्य आहे.

याच्या शेजारी मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिकराहुलोवादसुत्त ठेवावे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षू-भिक्षुणींबरोबर उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावेत म्हणून जे मोजके धम्मपर्याय नमूद केले, त्यांत असत्यभाषणाविषयीचा हा राहुलोवाद आहे. आरशात पाहावे तसे आपल्या कृत्याकडे पाहावे, असे भगवंत राहुलाला सांगतात. पाहावयाचे ते कृत्य करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. लॉ यांच्याकडे झडती मुख्यतः कृत्यानंतरची आहे. पण त्याहून मोठा भेद कसोटीचा आहे. या कृत्याने मला पीडा होईल का, दुसऱ्याला होईल का, दोघांना होईल का, एवढेच राहुलाने विचारावयाचे आहे. तेथे कोणाच्या संतोषाचा प्रश्न नाही. दुसऱ्या माणसाचे दुःख हीच कसोटी आहे, आणि ती कोणालाही, कोठेही, कोणत्याही ग्रंथाच्या आधाराविना लावून पाहता येते. लॉ यांच्या साधकाला आधी ईश्वराला काय आवडते हे ठरवावे लागते, आणि ते सांगणारे लोक नेहमीच लॉ यांच्याइतके सज्जन नसतात.

मैत्रीच्या बाबतीत मात्र लॉ आपल्या फार जवळ येतात. एकविसाव्या प्रकरणातील सुसरस या पात्राची कथा कोणत्याही धम्मवर्गात सांगण्याजोगी आहे. हा गृहस्थ उदार, सदाचारी. दोष एकच, इतरांची उणी कानात कुजबुजण्याची सवय. एकदा त्याने एका मित्राच्या कानाशी अशीच एक बातमी नेली. मित्राने ऐकून घेतले आणि, ज्याच्याविषयी हे सांगतोस त्याच्यासाठी घरी जाऊन प्रार्थना कर, असे सांगितले. सुसरस हादरला. पुढे तो त्या माणसासाठी प्रार्थना करू लागला आणि त्याची कुजबूज सुटली. ज्याचे हित आपण रोज मनापासून चिंतितो त्याची निंदा करणे अशक्य होते, हे लॉ यांचे निरीक्षण आहे. येथे प्रार्थना ऐकणारा कोणी असो वा नसो, बदल झाला आहे तो प्रार्थना करणाऱ्यात. लॉ यांनाही हे ठाऊक आहे. दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना स्वतःचे मन प्रेमळ करते यावरच त्यांचा भर आहे. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात मैत्रीभावनेचा क्रम सांगताना स्वतःपासून प्रारंभ करून प्रिय, मध्यस्थ आणि शेवटी वैरी व्यक्तीपर्यंत जाण्यास सांगितले आहे, आणि वैऱ्यापाशी मन अडले तर काय करावे याचे अनेक उपाय दिले आहेत. पिसुणवाचेच्या व्यसनावर मैत्रीचा उपाय, असे सुसरसच्या कथेचे पालीत वर्णन करता येईल. आपल्या संस्था, मंडळे आणि समित्या ज्या रोगाने वारंवार फुटतात तो रोग हाच असल्यामुळे, या प्रकरणाविषयी अधिक लिहिण्याचा मोह आवरतो.

आता मिरांडेकडे वळू. फ्लेव्हियाची ही बहीण म्हणजे लॉ यांचा आदर्श. आपले उत्पन्न तिने स्वतःमध्ये आणि गरिबांमध्ये वाटले आहे. किंबहुना स्वतःलाही ती गरिबांपैकीच एक समजते. धंद्यात बुडालेल्या जवळजवळ वीस लहान व्यावसायिकांना तिने पुन्हा उभे केले आणि तितक्याच जणांना बुडण्यापासून वाचविले. रस्त्यावरची मुले उचलून शिकविली. एखादा मजूर आजारी पडून घरी बसला की बरा होईपर्यंत ती त्याला मजुरीच्या दुप्पट रक्कम पाठविते : अर्धी नेहमीप्रमाणे कुटुंबासाठी, अर्धी औषधपाण्यासाठी. मोठ्या कुटुंबाचे घरभाडे भरते. अनोळखी भिकाऱ्याला, तो कदाचित फसवीत असेल म्हणून, ती परत पाठवीत नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी मजुराच्या आजारपणाचा इतका बारकाईने विचार करणारा धर्मग्रंथ दुर्मीळच म्हटला पाहिजे. संपत्ती आपली नसून ती विश्वस्त म्हणून सांभाळावयाची आहे, आणि तिचा अपव्यय म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणे, असे लॉ स्पष्टपणे सांगतात.

तरीही हे चित्र पुन्हा पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकू लागते. आजारी मजुराला दुप्पट पैसे पाठविणारी मिरांडा आहे. पण तो मजूर ज्याच्याकडे राबत होता तो मालक या पानावर कोठेच नाही. मजुरी कमी का, भाडे जास्त का, धंदा बुडाला कशाने, हे प्रश्न उपस्थित होत नाहीत. सिगालोवादसुत्तात हीच गोष्ट वेगळ्या रीतीने येते. तेथे मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, चांगलेचुंगले वाटून खाणे आणि वेळोवेळी सुटी देणे. सेवकाचीही पाच कर्तव्ये लगेच पुढे आहेत. आजारपणातील शुश्रूषा येथे दया म्हणून येत नाही, एका नात्यातील देणे म्हणून येते. जे देणे आहे ते न दिल्यास कर्तव्यच्युती होते. डॉ. बाबासाहेबांनी 'द बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयामध्ये मालक आणि सेवक यांचा विनय स्वतंत्रपणे दिला, त्यामागे ही दृष्टी आहे. मिरांडा उद्या मरण पावली तर मजुराच्या हाती काही उरत नाही. मालकाचे कर्तव्य मान्य झाले तर मजुराच्या हाती मागण्याचा आधार राहतो.

निःपक्षपातीपणासाठी येथे आपल्या परंपरेविषयीही बोलले पाहिजे. दान घेणारा हा दात्याच्या पुण्याचे क्षेत्र आहे, ही 'पुञ्ञक्खेत्त' कल्पना पाली वाङ्मयात विपुल आहे. तिच्या आश्रयाने बौद्ध देशांतही धनिकांनी स्तूपांना सोन्याचा मुलामा दिला आणि शेजारच्या भुकेल्याकडे दुर्लक्ष केले, असे घडलेले आहे. दान घेणाऱ्याला दात्याच्या उन्नतीचे साधन बनविण्याचा दोष एकट्या लॉ यांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पण त्या दोषावरील उतारा आपल्याच निकायांत आहे. कूटदन्तसुत्तातील पुरोहित राजाला सांगतो की चोऱ्या थांबवावयाच्या तर शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन द्यावे. लॉ यांच्या ग्रंथात असा पुरोहित नाही.

ग्रंथातील खरी अडचण बाविसाव्या प्रकरणात आहे. तिसऱ्या प्रहरीच्या चिंतनासाठी लॉ यांनी ईश्वरेच्छेचा संतोषपूर्वक स्वीकार हा विषय नेमला आहे. जगाची रचना सर्वसाधारणपणे ईश्वराची आहे, एवढे म्हणून ते थांबत नाहीत. अमक्या काळी, अमक्या ठिकाणी, अमक्या आईबापांच्या पोटी, अमक्या शरीरासह झालेला प्रत्येक माणसाचा जन्म हा ईश्वराच्या विशेष योजनेचा भाग आहे आणि म्हणून आपल्या वाट्याला आलेल्या स्थितीबद्दल माणसाने कृतज्ञ असावे, असे ते सांगतात. दहाव्या प्रकरणात समाजातील सर्व श्रेणींना समान धार्मिक कर्तव्य सांगतानाही श्रेणी आहेत हे त्यांनी गृहीतच धरलेले आहे. सुखवस्तू माणसाला हे प्रकरण नम्र करील, यात शंका नाही. पण तेच प्रकरण गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाच्या हाती दिले तर? त्याला ही भाषा ओळखीची वाटेल. ईश्वराच्या जागी पूर्वजन्मीचे कर्म ठेवून हेच त्याला शतकानुशतके ऐकविण्यात आलेले आहे.

भगवान बुद्धांनी या मताची नेमकी चिकित्सा केली आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील तित्थायतनसुत्तात तीन मतांचा परामर्श घेतलेला आहे. माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकृतामुळे, असे मानणारे एक. ते सर्व ईश्वरनिर्मित असे मानणारे दुसरे. आणि ते सर्व कारणाविना असे मानणारे तिसरे. भगवंतांचा आक्षेप तिन्हींवर एकच आहे. असे मानले तर हत्या करणारा, चोरी करणारा, खोटे बोलणाराही त्याच कारणाने तसा झाला असे म्हणावे लागेल. आणि मग हे करावे, हे करू नये, या प्रयत्नाला आणि संकल्पाला जागाच उरणार नाही. पूर्वकर्मवाद आणि ईश्वरवाद यांना एकाच रांगेत उभे करून दोन्ही नाकारणारे हे सुत्त आमच्या प्रत्येक अभ्यासवर्गात वाचले गेले पाहिजे.

लॉ यांच्या ग्रंथाला हा आक्षेप विशेष जाचक ठरतो, कारण तो त्यांच्याच दुसऱ्या प्रकरणातून निघतो. माणूस दुर्बल म्हणून चुकत नाही, हेतू धरीत नाही म्हणून चुकतो, हे ज्यांनी इतक्या ठामपणे सांगितले त्यांनीच त्याच माणसाची सामाजिक स्थिती मात्र हेतूच्या कक्षेबाहेर ठेवली. शपथेची सवय मोडता येते. दारिद्र्य आणि श्रेणी मोडता येत नाहीत, त्या स्वीकारावयाच्या असतात. संकल्पाचे सामर्थ्य व्यक्तीच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबते. डॉ. बाबासाहेबांनी १९५० साली 'महाबोधी' मासिकातील लेखात धर्माच्या कसोट्या सांगताना, धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये, असे बजावले होते. लॉ यांनी श्रीमंतीचे पावित्र्य काढून घेतले, हे त्यांचे श्रेय आहे. दारिद्र्याचे पावित्र्य मात्र त्यांच्या हातून तसेच राहिले.

लॉ यांच्या उत्तरायुष्यातील लेखनाविषयी थोडेसे. जर्मन गूढवादी याकोब बोएमे यांच्या प्रभावाखाली त्यांनी 'द स्पिरिट ऑफ प्रेअर' (१७४९-५०) आणि 'द स्पिरिट ऑफ लव्ह' (१७५२-५४) हे ग्रंथ लिहिले. त्यापूर्वी मँडव्हिल यांच्या 'मधमाश्यांची कथा' या ग्रंथाचे खंडन करताना नीतीचा पाया विवेकात शोधणारे लॉ आता अंतःप्रकाशाची भाषा बोलू लागले. वेस्ली यांनाही हे रुचले नाही. १७५६ मध्ये त्यांनी लॉ यांच्यावर उघड टीका केली. आल्डस हक्सली यांनी १९४५ मध्ये 'द पेरेनिअल फिलॉसफी' या संकलनात या उत्तरकालीन लॉ यांना उपनिषदांच्या, सूफींच्या आणि बौद्ध वचनांच्या पंक्तीस बसविले. त्यामुळे, सर्व धर्मांचा गाभा एकच, असे म्हणणाऱ्यांना लॉ फार सोयीचे झाले आहेत. ही पंक्ती उभी करताना अनात्म, अनीश्वर आणि प्रतीत्यसमुत्पाद हे तिन्ही बाजूला ठेवावे लागतात. मग बौद्ध म्हणून जे उरते त्यात बौद्ध काय आहे, हा प्रश्न हक्सलींना विचारलाच पाहिजे. 'सिरियस कॉल'चे लॉ अशा मिश्रणात विरघळत नाहीत. त्यांच्याशी सहमत होता येते आणि भांडताही येते, आणि माझ्या मते हीच त्यांच्या या ग्रंथाची प्रतिष्ठा आहे.

एकोणिसाव्या प्रकरणाचा उल्लेख केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. त्यात मुलींच्या शिक्षणाचा विचार आहे. मटिल्डा ही आई आपल्या मुलींना सुंदर करण्यासाठी उपाशी ठेवते आणि त्यांचे शरीर घट्ट आवळून बांधते. थोरली मुलगी विसाव्या वर्षी मरण पावते, आणि शवविच्छेदनात तिच्या बरगड्या यकृतात रुतलेल्या आढळतात. स्त्रियांना बाहुल्या बनविणाऱ्या समाजाविरुद्ध १७२९ मध्ये लिहिलेले हे पान आजही अंगावर काटा आणते. पण या ग्रंथातील स्त्रिया, गरीब, सेवक ही सर्व मंडळी लॉ यांच्या लेखणीतून आलेली आहेत. मिरांडेच्या दारी येणारा एकही भिकारी स्वतःची बाजू मांडत नाही. थेरीगाथेत अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी पुण्णा हिच्या गाथा आहेत. थंडीत कुडकुडत नदीत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला ती थांबवून विचारते की पाण्याने पाप जात असेल तर जलचर प्राण्यांचे काय, आणि नदी पापाबरोबर पुण्यही वाहून नेणार नाही कशावरून? ब्राह्मण निरुत्तर होतो. पवित्र जीवन म्हणजे काय, याचा निर्णय तेथे दासी करते.

हा ग्रंथ मराठीत आणावा काय, असे एका अभ्यासमंडळात विचारण्यात आले होते. संपूर्ण चोवीस प्रकरणांची गरज नाही. पुनरुक्ती फार आहे आणि उत्तरार्धात वाचक थकतो. पहिली दोन प्रकरणे, फ्लेव्हिया व मिरांडा यांची प्रकरणे, मुलींच्या शिक्षणाचे प्रकरण आणि सुसरसची कथा असलेले एकविसावे प्रकरण यांचा अनुवाद अवश्य व्हावा. बाविसावे प्रकरण गाळू नये. त्याच्यासमोरच्या पानावर तित्थायतनसुत्ताचा मराठी अनुवाद मूळ पालीसह छापावा.